पहिलं कडवं

नवऱ्याच्या कबरीशेजारी पोरगा लॅपटॉप उघडून बसलेला बघून सगुणाबाईंचं पित्त खवळलं. ईस्टरच्या पहाटे राहुरीचं कब्रस्तान धुक्यात तरंगत होतं. मेणबत्त्या माणसांविनाच चालत आल्यासारख्या दिसत होत्या. सूर्य उगवायच्या आत पुनरुत्थानाचं गाणं सुरू व्हायचं, आणि पहिलं कडवं सगुणाबाईंचे मालकच उचलायचे. आता तो मान पोराचा, जोएलचा. “आई, क्लाउडवरचं लॉगिन बंद पडलंय. ते कधी बंद पडणार नाही, असा आमच्या कंपनीनं ग्राहकांना लेखी शब्द दिलाय. लोक ताटकळलेत!” “मग हितं काय भुतं हुभी हायेत?” तांबडं फुटलं. सगुणाबाईंनी जमलेल्या लोकांपुढं जाऊन, डोळे मिटून स्वतःच सूर लावला. मालकांचाच आवाज आपल्या छातीतून येतोय, असं त्यांना वाटलं. गाणं संपल्यावर जोएल धावत आला. “झालं चालू!” “आमचंबी गाऊन झालं. पुढल्या ईस्टरपासून पहिलं कडवं माझं. तू मागं हुभा राहून टाळ वाजव.”