जप्तीत आलेला हात

कोर्टाच्या बेलिफ सोनवण्यांनी प्रमिलाबाईंच्या डोक्यावरची तारांची टोपी काढली. "जप्ती पुरी झाली, बाई. त्याची चित्रकला आता तुमच्या हातात. काढून बघा."

प्रमिलाबाईंचं येवल्यात पैठणीचं दुकान. पदरासाठी नवे मोर काढायचं काम त्यांनी पेरू देशातल्या मातेओ नावाच्या चित्रकाराला दिलं होतं. लग्नसराई तोंडावर आली आणि तो गप्पच झाला. बाई हट्टाला पेटल्या. "त्याची रडगाणी मला ऐकवू नका," असं त्यांनी कोर्टालाही ठणकावलं. शेवटी निकाल लागला: काम देत नसेल तर कला द्यावी.

त्यांनी पेन्सिल टेकवली. हात सराईतासारखा फिरला, पण मोर उतरला नाही. दवाखान्याच्या खाटेवर निजलेली, नाकात नळी घातलेली एक लहान मुलगी उतरली.

"ही कोण?"

"त्याची मुलगी," सोनवणे म्हणाले. "उशाशी बसून हिलाच काढायचा, म्हणून तुमचं काम राहिलं. गेली ती. नंतर तिचं हसरं चित्र काढायला घेतलं होतं. तेवढं पुरं करू द्या म्हणाला, पण कायद्यात बसेना."

"अहो, मग परत द्या त्याला!"

"काढलेली कला पुन्हा त्या डोक्यात बसत नाही, बाई."

सोनवणे गेले. प्रमिलाबाईंनी नवा कोरा कागद घेतला. हाताने त्या मुलीचे केस काढले, गाल काढले आणि ओठांपाशी येऊन तो अडला. ती कशी हसायची, हे बापालाच ठाऊक होतं.