पलंगाखालची बॅग

दुपारी तीनलाच दिवे लावायची वेळ आली, तेव्हा दियामान्तोने पलंगाखालची बॅग पायाने आणखी आत सरकवली. दारात नवऱ्याची चाहूल लागली होती.

"फोन कोकलतोय केव्हाचा," आर्गिरिस म्हणाला. "गाव रिकामं करा म्हणतात. किनाऱ्यावर बोट येतेय."

"मग आटप ना! उभा काय राहिलायस?"

"विचार करतोय."

"विचार करायला चाळीस वर्षं होती की तुला!"

बाहेर आकाश संत्र्याच्या सालीसारखं झालं होतं. वणवा डोंगरापलीकडे, पण अंगण गुंगीत असल्यासारखं शांत. राख अलगद उतरत होती. वाळत घातलेल्या चादरींवर, अंजिरांवर, मांजराच्या पाठीवर. दुपारभर किरकिरणारे किडे एकदम गप्प झाले होते. दियामान्तोला वाटलं, आपण हे सगळं पाण्याखालून बघतोय.

बॅगेत काय आहे ते तिला एकटीला ठाऊक. चार स्वेटर, लोकरीचे मोजे, जाड बूट. मेलबर्नला ऑगस्टात कडाक्याची थंडी असते, असं लेमोनिया फोनवर म्हणाली होती.

लेमोनिया, त्यांची एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिने बापाला न विचारता तिकडच्या माणसाशी लग्न केलं आणि आर्गिरिसने तिचं नाव टाकलं. आता तिला पाच महिन्यांची मुलगी होती. नातीचा फोटो दियामान्तोने पिठाच्या डब्यात लपवला होता, पीठ काढताना रोज बघायची. अथेन्सच्या भाचीने तिकीट काढून दिलं होतं, गुरुवारचं. नवऱ्याला कळलं तर तो दारात आडवा पडेल, आणि तो आडवा पडला की आपला पाय निघायचा नाही, हे ती पुरतं ओळखून होती. म्हणून चिठ्ठी ठेवून जायचं ठरलं होतं.

आज मंगळवार. आणि आता हा वणवा.

"दाताची औषधं घे," ती म्हणाली. "मे महिन्यापासून तीनदा खाल्किदा शहरात गेलास डॉक्टरकडे, आणि औषधंच विसरशील."

"दात बरा आहे आता."

"ना काढला, ना भरला, आणि म्हणे बरा! डॉक्टर होता की भोंदू?"

मरियमेची तसबीर त्याने गोधडीत गुंडाळली, तेलाचा डबा उचलला आणि गाडीत नेऊन ठेवला. राळेच्या डागांनी त्याचे हात काळे झाले होते. बापजाद्यांपासून पाइनची राळ काढायची, त्या झाडांवरच घर चालायचं. आता त्याच झाडांकडून जळक्या राळेचा वास येत होता.

"वरच्या रानात यंदा झाडांना राळेच्या पिशव्या लावल्या नाहीस ते एक बरं झालं," ती म्हणाली. "सगळ्या जळाल्या असत्या."

"हो. बरं झालं."

म्हातारा झाला बिचारा, तिच्या मनात आलं. गुरुवारनंतर याला सूप कोण करून देणार?

चर्चची घंटा वाजायला लागली. कड्यावर पहिली ज्वाळा दिसली.

"तू बस गाडीत," आर्गिरिस म्हणाला. "मी खिडक्या लावून येतो."

तो आत गेला तो गेलाच. दोन मिनिटं झाली, पाच झाली. तिने हॉर्न वाजवला. दहा मिनिटं झाली. हा बाबा घर सोडायचा नाही, तिला वाटलं. झाडांबरोबर जळेल, पण हलायचा नाही. एकटीच निघालीस तर गुरुवार सुटणार नाही, असंही कुणीतरी तिच्या कानात बोललं. तिची तिलाच लाज वाटली. ती उतरून दाराशी धावली.

"आर्गिरी! तुझ्याशिवाय मी इथून पाऊल हलवणार नाही! ऐकतोयस का, मेल्या?"

आणि तिला रडू फुटलं, कारण ते खरं होतं. आणि गुरुवारही खरा होता.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तिची बॅग होती.

"पलंगाखाली राहिली होती," तो म्हणाला.

ती बॅग घ्यायला पुढे झाली. "चादरी आहेत त्यात."

"असतील. जड आहेत."

त्याने बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि किल्ली फिरवली. गाडी उतारावरून सुटली.

बोट किनाऱ्याजवळ लागली होती. समुद्रही नारिंगी, लाटा जड आणि संथ. सगळे देवळात असल्यासारखे कुजबुजत होते. शेजारची विधवा झाम्बेता कमरेभर पाण्यातून बकरी ओढत बोटीवर चढली.

"नवरा होता तेव्हा त्याला हलवण्यापेक्षा हिला चढवणं सोपं गेलं," ती म्हणाली, पण तिचे दात वाजत होते. "दियामान्तो, कोरडं काही दे गं अंगावर घ्यायला."

दियामान्तो बॅगेवर हात दाबून बसली. किनारा दूर जात होता. डोंगर कुणीतरी हळूच फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा उजळत होता. त्यात त्यांचं घर कुठलं, ते आता ओळखू येत नव्हतं.

"उघड की," आर्गिरिस म्हणाला. "थंडीने मरेल म्हातारी."

"ऑगस्टात कसली थंडी?"

"असते कुठेकुठे." आणि तो तिच्याकडे पाठ करून डोंगराकडे बघत उभा राहिला.

सांगून टाकावं, तिने ठरवलं. आत्ताच. ओरडू दे, तोडू दे संबंध, पण चोरासारखं जायचं नाही. तिने बॅगेची चेन ओढली.

वर तिचे स्वेटर नव्हते. वर आर्गिरिसचा काळा लोकरी कोट होता, नाताळात चर्चला घालायचा तो, बाह्या नीट दुमडलेल्या. खिशात काहीतरी कडक लागलं. खाल्किदात काढलेला नवाकोरा पासपोर्ट, कपाळाला आठ्या घातलेल्या फोटोसकट. आणि त्याच्या पानांत गुरुवारचं मेलबर्नचं तिकीट, तिच्या शेजारच्या सीटचं.