सीटखाली

वडिलांच्या, अण्णांच्या, अस्थींचा कलश मांडीवर घेऊन हेमांगी काकांच्या जीपमध्ये पुढे बसली. मागे काकू फुलं घेऊन.

“अण्णांच्या पिस्तुलाचा परवाना तुझ्या नावावर करून घे, पोरी. सगळ्यांना थोडाच मिळतो? मान आहे तो घराण्याचा,” काका म्हणाले.

“ते सीटखालून काढतानाच गोळी लागली ना अण्णांना?”

“नशीब त्यांचं. पिस्तुलाचा काय दोष?”

खड्ड्यात जीप आदळली. तिच्या सीटखालून काहीतरी जड घसरत मागे गेलं.

“काका, तुमचं पिस्तूल भरलेलं आहे?”

“मग! रिकामं काय ओवाळायला ठेवू?”

हेच अण्णा म्हणायचे. तिने जीप थांबवायला लावली, कलश छातीशी धरून उतरली आणि मागचं दार उघडलं.

“काकू, उतर. नदीपर्यंत चालत जाऊ.”

काकूने नवऱ्याकडे पाहिलं. ती उतरली नाही. तिने फक्त पाय उचलून सीटवर घेतले.