अन्नपूर्णेची टाईल

“घासून घासून ब्रश टकला झाला, पण टाईलवरची ही फुलं काही उजळंनात,” मनीषा ओट्यावर वाकून पुटपुटली. शेजारी लसूण सोलत बसलेल्या सासूला ते ऐकू जावं आणि जाऊही नये, इतक्याच आवाजात.

“मळकी न्हाईत ती. तपकिरीच हायत,” साखराबाई म्हणाल्या. “तवा त्यालाच फॅशन म्हणायचे.”

वसंता मिस्त्री हातोडीच्या दांड्यानं एकेक टाईल ठोकून बघत होता. डब. डब. डब. पोकळ वाजली की तिच्यावर खडूनं फुली. ओट्यामागची अर्धी भिंत फुल्यांनी भरली तशी मनीषाची कळी खुलत चालली होती. जालन्याहून आणलेल्या पांढऱ्याशुभ्र टाईल्सचे खोके दाराशी तयारच होते.

दारात तिचे सासरे, आबाराव, पेपर वाचत बसले होते. नातवाच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकलेलं वाचन ते. शब्दाखाली बोट ठेवल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. आत ते बघत नव्हते, पण बोट मघापासून एकाच शब्दावर होतं.

वसंता मधल्या टाईलपाशी आला.

टण्ण.

“ही पक्की,” तो म्हणाला. “हिला कुणीतरी पोटभर सिमेंट खाऊ घातलंय.”

ही टाईल बाकीच्यांसारखी नव्हती. हिच्यावर फुलं नव्हती, निळ्या अक्षरांत ‘अन्नपूर्णा’ लिहिलं होतं. फक्त चोवीस वर्षं ते उलटं होतं. पाहुणे मान वाकडी करून वाचत आणि मान सरळ झाली की हमखास विचारत, “मिस्त्री कोण होता हो?” मिस्त्री होता रखमाजी, वसंताचा बाप. तो जाऊन तीन वर्षं झाली, पण वसंतानं हसनाबादेत नवं काम धरलं की लोक अजून बजावतात, “बाबा, सुलटी बसव बरं.”

“फोडून टाक,” आबाराव दारातूनच म्हणाले. “सगळ्या फोड. एकबी ठिवू नको.”

साखराबाईंच्या हातातली लसणाची पाकळी थांबली. “फोडायची कशाला? देवीचं नाव हाय. अलगद काढ आन् सुलटी लाव.”

“निघायची न्हाई, काकू. भिंत निघंल, पण ही न्हाई.”

“मंग ऱ्हाऊ दे तशीच.”

“बिलकुल न्हाई,” आबाराव म्हणाले. “नव्या भिंतीत उलटं नाव? लोक काय म्हणतील?”

“लोक काय आज म्हणून राह्यलेत का? चोवीस वर्सं झाली. थकले न्हाईत अजून.”

मनीषाला हसू आवरेना. “कमालच हाय रखमाजीबाबांची! एवढ्या भिंतीत एकच पक्की बसवली, तीबी उलटी!”

वसंताही हसला. नेहमीसारखा, अर्धाच. मग त्यानं त्या टाईलवरही फुली मारली आणि छिन्नी काढायला पिशवीत हात घातला. साखराबाई उगीचच सोललेला लसूण पुन्हा सोलायला लागल्या.

आबारावांनी पेपरची घडी घातली. मग घडीची घडी. मग तिचीही.

“थांब रे, वसंता. ती तुझ्या बापानं न्हाई बसवली.”

वसंताचा हात पिशवीतच राहिला.

“रखमाजी जेवायला गेल्ता. सिमेंटचा कालवलेला माल वाळून चालल्ता. ही माहेरी. म्हणलं, आली की एकदम दिसू दे हिला. मीच बसवली.” ते भिंतीकडे बघत होते. “तवा मला वाचता येत न्हवतं.”

गॅसवरचा चहा वर आला. मनीषानं घाईनं बटण फिरवलं.

“मला ठावं हाय, आबा,” वसंता म्हणाला. “बापानं सांगितल्तं. म्हणला, ‘कुणी इचारलं तर माझाच हात म्हण. माझं काय जातंय? मला तर कामं मिळूनच राह्यलीत.’”

“आन् मला काय दिसलं न्हाई व्हय?” साखराबाई लसणावरची नजर न उचलता म्हणाल्या. “चौथी पास हाय मी. उंबऱ्यातच वाचली. पण तुम्ही असे उभे होते हिच्याजवळ, जसं काही देऊळ बांधलं.”

“मंग तवाच बोलली का न्हाई?”

“बोलले की. चांगलं झालं म्हणले.”

वसंतानं पिशवीतून रिकामा हात बाहेर काढला आणि चहाच्या कपासाठी पुढं केला. मनीषानं त्याला चहा दिला, पदराचं टोक ओलं केलं आणि मधल्या टाईलवरची खडूची फुली पुसून टाकली. कोपरे-बिपरे सगळे.

“हिच्या चारी बाजूंनी लावा नव्या. बराबर मधी आली पाहिजे,” ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. हसू दाबायला गेली, पण ते डोळ्यांत आलंच. “पण मामा, वाचता येत नसंल, तरी वरची बाजू कोणती, खालची कोणती, एवढंबी कळलं न्हाई?”

आबाराव उठून आत आले. अक्षरांच्या खालून गेलेल्या लांब निळ्या रेघेवर त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

“ही रेघ बघितली ना मी,” ते म्हणाले. “म्हणलं, हीच खाली. एवढं मोठं नाव, उभं ऱ्हायला जमीन नको का त्याला?”