पाचव्या रविवारचं प्रवचन

"तुम्ही ओट्यावर बसला होतात, मिस्टर गॅडिस. मग आरोपी पळाला तेव्हा किती वाजले होते, ते कसं सांगता?" सरकारी वकिलाने विचारलं.

"घड्याळ कशाला पाहिजे?" म्हातारा साक्षीदार म्हणाला. "समोर माउंट नेबो चर्च. खिडक्या सताड उघड्या. पाद्रीबाबा बोलता बोलता प्रवचन गायला लागले की समजायचं, एक वाजला. दर रविवारी ऐकतो मी. त्यांनी नुकता सूर धरला होता, तेवढ्यात हा जार्व्हिस वखारीच्या मागनं पळाला. मागोमाग धूर."

ज्यूरीतल्या माना डोलल्या. अलाबामातल्या त्या गावात याहून खात्रीचं घड्याळ नव्हतं.

ज्यूरीच्याच मागच्या रांगेतल्या ओव्हेटा क्रेनशॉची मान मात्र हलली नाही. वखार पेटली तो रविवार जूनच्या एकोणतीस तारखेचा, म्हणजे महिन्यातला पाचवा. पाचव्या रविवारी आसपासच्या मंडळ्या आपापल्या चर्चला कुलूप घालतात आणि एका ठिकाणी जमतात. ज्यूरीत या मंडळ्यांपैकी ती एकटीच होती. त्या दिवशी सगळे नदीपलीकडे बेथेलला होते. माउंट नेबोचे पाद्री तिथेच गायले. ओव्हेटा पांढरे हातमोजे घालून दाराशी पुठ्ठ्याचे पंखे वाटत होती, आणि पाद्रीबाबांचा आवाज वर चढला तेव्हा पंखे वाटायचे विसरून तशीच उभी राहिली होती.

म्हातारा मुद्दाम खोटं बोलत असेल असं तिला वाटलं नाही. दुसऱ्याच कुठल्या रविवारी पाहिलेला पोरगा त्याने या रविवारी आणून बसवला होता.

जार्व्हिस पेटवे बावीस वर्षांचा. डेट्रॉइटहून मावशीकडे राहायला आलेला, रविवारी दुपारपर्यंत लोळणारा. त्याला पाचवा रविवार कुठून ठाऊक असणार? त्याचा वकीलही शहरातला. त्याने म्हाताऱ्याला चष्म्याचा नंबर विचारला आणि खाली बसला. वखार जाळल्याबद्दल दोषी ठरला तर जार्व्हिसला वीस वर्षांची कैद होती.

मधल्या सुट्टीत ओव्हेटाने ज्यूरीची ने-आण करणाऱ्या बेलिफ रूफसला गाठलं.

"रूफस, त्या रविवारची एक गोष्ट..."

"नको, मिस ओव्हेटा." त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. "माझी नोकरी घालवाल. शपथ घेतलीत ना? खटल्याचं एक अक्षर बोलायचं नाही. निर्णयाला आत बसवलं, दार लागलं, की मग बोला पोटभर."

"तोवर गप्प?"

"जमेल ना?"

"माझा नवरा चर्चचा डीकन होता, बाबा, सगळ्यांची गुपितं त्याच्याकडे. आयुष्यभर तेच जमवलंय."

शपथ तिने बायबलवर हात ठेवून घेतली होती. ती गप्प राहिली. घाई नव्हती. एकमत झाल्याशिवाय कुणाला दोषी ठरवता येत नाही, एकटीचं 'नाही' पुरे होतं.

जेवायला ज्यूरीतले तेराही जण एकाच लांब टेबलावर बसत. भुईमुगाचा जुना व्यापारी हॉलिस रोज घाई करी.

"मला घरी मासे तळायचेत. आत गेलो की हात वर आणि चला."

"म्हाताऱ्याने डोळ्यांदेखत पाहिलंय," शाळेत शिकवणारी पॅट्सी मॅडॉक्स खोकत म्हणाली. "सिस्टर ओव्हेटा, तुमचं काय म्हणणं?"

"कॉर्नब्रेड गार होतोय."

"बघा, पोटात काय आहे ते सांगायच्या नाहीत."

"सांगेन. दार लागू दे."

दुसऱ्या दिवशी पॅट्सीला ताप भरला. "जजबाईंना सांगते आणि घरी जाते," ती म्हणाली. "माझ्याने बसवत नाही."

"जाऊ नकोस, बाळा," ओव्हेटा म्हणाली. "त्या पोराचं आयुष्य आहे. देवाने तुला इथे बसवलंय ते उगाच नाही." तिने पॅट्सीची पाठ चोळून दिली. दुसऱ्या सकाळी ती मध, लिंबू आणि आल्याचा काढा थर्मासमध्ये घेऊन आली आणि समोर बसून घोट घोट पाजला. खटला संपेस्तोवर पॅट्सीचा खोकलाही गेला.

घरी भांडी घासताना ओव्हेटा आपलं बोलणं बसवून बघे. सुरुवात खालच्या पट्टीत करायची, पाद्रीबाबा करतात तशी. आधी तारीख. मग कुलूप. मग बेथेल. हॉलिस डोळे फिरवील, फिरवू दे. आवाज सगळ्यात शेवटी चढवायचा.

वकिलांची भाषणं संपली. जार्व्हिसने ज्यूरीकडे पाहिलं. ओव्हेटाने त्याच्याकडे पाहून पापण्या किंचित मिटल्या आणि पर्स उचलून इतरांबरोबर ती उभी राहिली. रूफसने आतल्या खोलीचं दार उघडून धरलं.

"एक मिनिट," जज टॉलिव्हर चष्मा काढत म्हणाल्या. "कायद्याला ज्यूरीत बाराच जण लागतात. कुणी आजारी पडलं तर खटला मोडू नये म्हणून आम्ही एक जण जास्तीचा बसवतो. सगळ्यांनी सारखंच मन लावून ऐकावं म्हणून तो कोण, हे शेवटपर्यंत सांगत नाही. देवाच्या दयेने बाराही जण ठणठणीत आहेत. मिसेस क्रेनशॉ, जास्तीची जागा तुमची होती. निकाल लागेपर्यंत तुमची शपथ कायम आहे, तेव्हा खटल्याबद्दल कुणाशीही एक शब्द नको. कोर्ट आपलं आभारी आहे. आता तुम्ही घरी जाऊ शकता."