नकाशावरचे सारखेच पूल

तीस वर्षं घरोघरी टपाल वाटलं मी. गेल्या महिन्यात दूध घेऊन येताना स्वतःच्याच दारावरून तीनदा गेले, पण घर सापडेना. नवऱ्याला मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

आता उन्हाळ्यात तीन दिवस कालव्यांच्या शहरात जायचं म्हणून हे रोज नकाशा पसरून बसतात. सारखेच पूल, सारख्याच गल्ल्या. नुसतं बघूनच मला घाम फुटतो. उकाडा, डास, माझे गुडघे, सगळी कारणं सांगून झाली.

"अहो, दुसरं कुठलंही शहर चालेल मला," शेवटी मी म्हटलं.

त्यांनी नकाशाची घडी घातली.

 

"हेच बरंय. तिथं सगळेच रस्ता चुकतात म्हणे. तुझ्या एकटीचं कुणाच्या लक्षात येणार नाही."