वळणावरचं फाटक

तिने हॉर्न दाबून धरला. पाच सेकंद. मग सोडला. मग पुन्हा पाच सेकंद.

काचेपलीकडे सगळं पांढरं होतं. पहाटे गरम हवेचा फुगा उडाला तेव्हा आकाश स्वच्छ होतं. ऊन वर आलं आणि ओल्या जमिनीतून धुकं उठलं. त्या धुक्याच्या वर कुठेतरी, लख्ख उन्हात, तिचा नवरा टोपलीत एकटाच उभा होता. आज प्रवासी नव्हते, नव्या बर्नरची चाचणी होती. त्याच्याकडे नऊ मिनिटांचा गॅस उरला होता.

“ऐकू येतंय का?” तिने वॉकीटॉकीत विचारलं.

“येतंय. गाढवाला सर्दी झाल्यासारखं.”

“तुम्हीच बसवलाय हा हॉर्न. उतरा आता गुमान.”

“उतरतो, ड्रायव्हरीणबाई. जागा कशी आहे?”

ती गाडीतून खाली उतरली. वीस पावलं चालून आली. पायाखाली कापणी झालेल्या शेताची खुंटं होती, जमीन सपाट होती. मग तिने मान वर केली. विजेच्या तारा आधी बघायच्या, हा त्यांचा पहिला नियम. वर नुसतं पांढरं होतं.

“खाली मोकळं शेत आहे. वरचं काही दिसत नाही.”

“वरचं मी बघतो. तू हॉर्न वाजव.”

एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. तो वाऱ्याबरोबर जायचा, ती रस्त्यांवरून त्याच्या मागे. टोपली जमिनीला टेकताना काठावर पहिला हात तिचा पडायचा. खाली येणाऱ्या फुग्यात जाळ सोडला तरी तो लगेच थांबत नाही. त्यांच्या फुग्याला अकरा सेकंद लागायचे, त्या दोघांनी घड्याळ लावून मोजले होते. “हुबेहूब तुझ्यासारखा,” तो प्रवाशांसमोर म्हणायचा. “एक गोष्ट सांगितली की आधी वाद, मग काम.”

वाद व्हायचाच. तारांवरून तर दरवर्षी. टोपली तारेत अडकली तर आतला माणूस कदाचित वाचतो, तारेवर पाखरू बसतं तसा. पण जमिनीवर उभं राहून टोपलीला हात लावणारा वाचत नाही. तो हे नवीन मदतनिसांना फळ्यावर काढून दाखवायचा आणि शेवटी तिच्याकडे वळायचा.

“कळलं ना? हात लावायचा नाही.”

“तुम्ही वर लटकलेले असाल आणि मी काय खाली हाताची घडी घालून बघत बसू? मी धरणारच.”

सगळे हसायचे. तो हसायचा नाही.

बर्नरचा आवाज जवळ आला. पांढऱ्यात एक काळसर डाग मोठा होऊ लागला. तिने हॉर्न सोडला आणि गाडीचं दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला.

बर्नर अचानक पूर्ण जोरात गर्जला आणि वॉकीटॉकी खरखरला.

“फाटक! वळणावरचं फाटक उघड जा! गाडी घेऊन जा!”

“कसलं फाटक? आधी तुम्ही नीट उतरा तरी—”

“अक्कल आहे का तुला? एकदा सांगितलेलं कळत नाही? नीघ!”

एकोणीस वर्षांत तो असा कधी बोलला नव्हता. तिचे कान तापले. तिने दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली आणि गाडी सुसाट सोडली. दुसरा गिअर टाकताना मागे काहीतरी फाटकन वाजलं. मागचं दार नीट लागलं नसेल, असं तिला रागात वाटलं. पहिलं वळण आलं. फाटक नव्हतं. दुसरं आलं. ती खाली उतरून रस्त्याच्या दोन्ही कडा चाचपत राहिली. मग धुक्यात मागच्या बाजूला नारिंगी उजेड दिसला.

ती परत आली तेव्हा शेताच्या कडेला माणसं जमली होती. त्यांनी तिला धरून ठेवलं. तुटलेल्या तारा जमिनीवर पडल्या होत्या आणि ओलं शेत तडतडत होतं.

लेकीने विचारलं, “बाबा शेवटचं काय म्हणाले?”

“ड्रायव्हरीणबाई म्हणाले,” तिने सांगितलं. सासूबाईंनाही तेच सांगितलं. खरं काय ते पोटात ठेवलं.

तीन आठवड्यांनी चौकशी अधिकारी तिला त्या जागी घेऊन गेला. त्याला अहवालासाठी नकाशा काढायचा होता. दुपार होती, चहूकडे कोसभर दिसत होतं. तारा आता पुन्हा जोडलेल्या होत्या. त्याने फीत ताणून त्यांच्यापासून तिच्या गाडीच्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. नऊ मीटर.

“शेवटचा निरोप काय होता?”

पहिल्यांदाच तिने सगळं सांगितलं, शब्दाला शब्द.

“मला फाटक उघडायला सांगितलं होतं. मला ते सापडलंच नाही. उगाच वाद घालत बसले, उशीर केला. वेळेवर उघडलं असतं तर कदाचित ते पलीकडे उतरले असते.” तिने डोळे पुसले. “तुम्ही नकाशात दाखवा ते. कुठे होतं, मला एकदा बघू द्या.”

अधिकाऱ्याने नकाशा उलगडला. रस्त्याकडे बघितलं, पहिल्या वळणाकडे, दुसऱ्या वळणाकडे, पार टेकडीपर्यंत पसरलेल्या उघड्या शेतांकडे.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “या अख्ख्या रस्त्याला कुठे कुंपणच नाही. फाटक असेल कशाला?”